हरभऱ्याची मर आणि आपली नांगरट

दिवाळी आटोपून थंडी पडू लागली की नेवासे तालुक्यात हरभऱ्याची राने हिरवीगार दिसू लागतात. पीक वीतभर वाढते, फांद्या फुटतात आणि घरातली मंडळी मनाशी हिशेब मांडू लागतात. इतकी पोती झाली तर सोसायटीचे एवढे फिटेल, मुलीच्या शिक्षणाला एवढे राहील. आणि मग एके दिवशी सकाळी रानात जावे तो दहा-वीस झाडे माना टाकून उभी. आठ-दहा दिवसांत ते ठिगळ वाढत जाते. घरधनी घाईने तालुक्याला जातो आणि औषधाच्या दुकानात विचारतो, "हरभरा वाळतोय, काय फवारू?"

शेतकरी बंधु-भगिनींनो, याचे खरे उत्तर जरा कडू आहे. सुकू लागलेले झाड फवाऱ्याने परत उभे राहत नाही. रोग पानावर नसतो, तो मुळाशी आणि मातीत असतो. ती माती कशी आहे, हे आपण तिच्यात कोणते औजार, कोणत्या ओलीवर, किती खोल आणि किती वेळा घातले यावर पुष्कळसे ठरते. म्हणून हरभऱ्याच्या मरीचा विचार मार्गशीर्षात करून भागत नाही. तो पाडव्यापासूनच करावा लागतो.

बैल चरकावर, रान रोटाव्हेटरखाली

शनिशिंगणापूरला देशभरातून भाविक येतात. तिकडे येणाऱ्या रस्त्यांच्या कडेने रसवंत्या आहेत. तेथे बैल चरकाला जुंपलेला दिसतो, आणि शहरातली मंडळी मुलाबाळांना तो कौतुकाने दाखवतात. शिवारात मात्र बैलाचे औत आता क्वचितच दिसते. मजूर मिळत नाही, वैरण महाग, पेरणीची घाई. तेव्हा ट्रॅक्टर आला यात गैर काहीच नाही.

फरक पडला तो कामाच्या रीतीत. पूर्वी नांगरट, मग ढेकळे तापू देणे, मग कुळवाच्या पाळ्या, मग धसकटे वेचणे अशी कामे महिना-दीड महिना सावकाश चालत. आज सोयाबीन निघाले की दुसऱ्या दिवशी रोटाव्हेटर आणि तिसऱ्या दिवशी हरभऱ्याची पेरणी, असा रिवाज पडला आहे. रान पिठासारखे भुसभुशीत दिसते, डोळ्यांना बरे वाटते. पण रोटाव्हेटरची पाती चार ते सहा इंचच जातात. वरचा थर ती कुटून बारीक करतात आणि खालचा थर मात्र तसाच राहतो. वर्षानुवर्षे त्याच खोलीवर पाती फिरली आणि वरून ट्रॅक्टरचे वजन पडत राहिले, की तेथे एक टणक पापुद्रा तयार होतो. ओलीत काम केले तर तो अधिकच लवकर होतो.

माती म्हणजे नुसता चुरा नव्हे. मातीचे कण सेंद्रिय पदार्थाच्या आणि सूक्ष्म जिवांच्या चिकट द्रवाने एकमेकांना धरून राहतात व त्यांचे रवे बनतात. दोन रव्यांमधल्या पोकळीत हवा आणि पाणी खेळते. मुळे तेथून वाट काढतात, गांडुळे तेथे नांदतात, आणि रोगाच्या बुरशीला दाबून ठेवणाऱ्या उपकारक बुरशी व जिवाणूही तेथेच वाढतात. हे रवे पुनःपुन्हा कुटले की तीन गोष्टी होतात. एक, पहिल्या पावसाने किंवा पाण्याने वरची माती बसते आणि पापडी धरते. दोन, आत हवा जास्त शिरल्याने सेंद्रिय कर्ब झपाट्याने जळून जातो. तीन, पाणी खाली न मुरता वरच्या थरात तुंबते. माती परीक्षणाच्या पत्रिकेत सेंद्रिय कर्ब ०.५० टक्क्याच्या खाली असेल तर तो कमी समजतात. आपापली पत्रिका काढून तेवढा एक आकडा जरूर पाहावा.

एका नावाची तीन दुखणी

हरभरा वाळला की आपण सरसकट "मर लागली" म्हणतो. वास्तविक ही तीन निरनिराळी दुखणी आहेत, आणि मशागतीचा प्रत्येकाशी संबंध निराळा आहे. झाड हलक्या हाताने मुळासकट उपटून पाहिले तर घरच्या घरी ओळख पटते.

पहिली खरी मर. ही फ्युजेरियम नावाच्या बुरशीने होते. झाड कोमेजते, माना टाकते, पण मूळ वरून निरोगी दिसते. बुंध्याजवळचे खोड ब्लेडने उभे चिरले तर आत काळपट-तपकिरी रेघ दिसते. ही बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच बंद करते. हरभरा न घेताही ती जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरून राहते.

दुसरी मानकुज. ही पेरणीपासून पहिल्या महिना-दीड महिन्यात दिसते. रोप पिवळे पडते, जमिनीलगतचा भाग कुजतो, त्यावर पांढरे तंतू आणि मोहरीएवढे गोल दाणे दिसतात. ही स्क्लेरोशियम नावाची बुरशी. हिला ओल हवी, उबदार हवामान हवे आणि वरच्या थरात अर्धवट कुजलेला काडीकचरा हवा.

तिसरी कोरडी मूळकुज. ही फुलोऱ्यानंतर, घाटे भरताना, ऊन वाढू लागले आणि ओल कमी पडली की येते. झाड गवती रंगाचे होऊन वाळते. उपटले तर सोटमूळ तुटून जमिनीतच राहते, कारण ते कोरडे व ठिसूळ झालेले असते आणि बारीक मुळ्या गळून गेलेल्या असतात.

आता मशागतीशी मेळ घालून पाहा. सोयाबीनचा ओला पाला रोटाव्हेटरने वरच्या चार इंचांत मिसळला आणि तिसऱ्या दिवशी ओलीवर हरभरा पेरला, तर मानकुजीला लागते ते सारे आपण हाताने मांडून दिले. खाली टणक थर असेल तर सोटमूळ तेथे अडते, आडवे वळते. हरभऱ्याचे मूळ एरवी खोल जाऊन खालची ओल घेणारे. ते वरच्या वितीतच अडकले की फेब्रुवारीच्या उन्हात झाड तहानेने व्याकूळ होते आणि कोरडी मूळकुज साधते. शिवाय पाटाचे पाणी वरच्या थरात तुंबले की मुळांना हवा मिळत नाही, ती कमजोर होतात, आणि कमजोर मुळात रोगाचा शिरकाव सोपा होतो. खऱ्या मरीचे ठिगळ असेल तर तेथील मुळ्या व माती रोटाव्हेटरच्या पात्यांबरोबर साऱ्या रानात पसरते. पुढच्या खेपेस एका ठिगळाची दहा होतात.

एका बांधाआडचा फरक

शिंगणापूर शिवारातील एका वस्तीवर हरभरा पाहण्यास गेलो होतो. रस्त्याकडचा तुकडा निम्मा वाळला होता. घरातले तरुण बियाण्याला दोष देत होते. घरच्या आजी मात्र बांधावरून म्हणाल्या, "साहेब, बी दोन्हीकडं एकच हाय. पण मागल्या साली उसाच्या ट्रॉल्या ह्याच तुकड्यात भरल्या. त्या आतल्या अंगाला गेल्या न्हाईत."

कुदळ मागवून दोन्ही तुकड्यांत खड्डा घेतला. आतल्या तुकड्यात हातभर माती सहज निघाली. रस्त्याकडे अर्ध्या फुटावर कुदळ खणखणली. तेथील झाडांची सोटमुळे त्या थरावर काटकोनात वळलेली होती. ओल्या रानात ऊस भरलेल्या ट्रॉल्या फिरल्या, त्यावर दोन वेळा रोटाव्हेटर फिरला, आणि वरून सारे गुळगुळीत दिसले. बी, खत, पाणी सारखेच. फरक जमिनीच्या पोटात होता. आजींचे निरीक्षण बरोबर होते, आणि ते करावयास यंत्र लागले नाही.

साखर कारखान्याचा हंगाम पावसाळ्यानंतर लगेच सुरू होतो, तेव्हा हे दृश्य मुळा कालव्याच्या लाभक्षेत्रात ठिकठिकाणी दिसेल. ट्रॉल्यांसाठी रानाच्या कडेने एकच वाट ठरवून द्यावी. सारे रान तुडवू देऊ नये.

नांगर काय करतो आणि काय करीत नाही

उन्हाळ्यातील खोल नांगरटीचे फायदे खरे आहेत. पलटी नांगराने आठ-दहा इंच माती उलटली की घाटे अळीचे, तसेच कपाशीवरील शेंदरी बोंडअळीचे जमिनीतील कोष उघडे पडतात. हुमणीच्या अळ्या वर येतात. ऊन आणि बगळे-कावळे त्यांचा समाचार घेतात. हरळी, कुंदा, लव्हाळा यांच्या काश्या व गाठी वाळतात, मात्र त्या वेचून बांधाबाहेर काढल्या तरच. मानकुजीचे मोहरीसारखे दाणे खोल गाडले गेले की त्यांचा जोर कमी होतो, कारण त्यांना वरच्या थरातली हवा लागते.

परंतु खऱ्या मरीची बुरशी नांगरटीने संपत नाही. तापलेल्या वरच्या थरात ती काहीशी कमी होते, खालच्या थरात टिकून राहते. तिच्यावर उपाय वेगळे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेले विजय, विशाल, दिग्विजय यांसारखे मर रोगास दाद न देणारे वाण पेरणे, त्याच रानात हरभऱ्यावर हरभरा न घेता ज्वारी-गव्हासारख्या तृणधान्याचा फेर ठेवणे, आणि बीजप्रक्रिया करणे. नांगरटीवर नको तेवढी भिस्त ठेवली तर पैसाही जातो आणि रोगही राहतो.

नांगरटीचे तोटेही आहेत. मुरमाड, उथळ रानात खोल नांगर घातला तर मुरूम वर येतो. चुनखडीच्या रानात खालची चुनखडी वर आली की पिकाला लोह मिळत नाही आणि शेंडे पिवळे पडतात. उताराच्या रानात उताराच्या दिशेने तास काढले तर वळवाच्या एका सरीत कसदार माती ओढ्याला लागते. ओल्या रानात नांगर घातला तर दगडासारखी ढेकळे निघतात, आणि ती फोडण्यासाठी पुन्हा रोटाव्हेटर. असा हा खर्चाचा रहाट फिरत राहतो.

जुने शहाणपण, नवे प्रयोग

"दरवर्षी खोल नांगरट हवीच का?" हा प्रश्न नवा नाही. अवर्षणप्रवण भागासाठी १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले, आणि १९३३ पासून सोलापूर येथे ते पुढे चालले. ताम्हणे आणि कानिटकर या शास्त्रज्ञांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. त्यातून जी मुंबई कोरडवाहू पद्धत पुढे आली, तिच्यात बांधबंदिस्ती, शेणखत, पातळ पेरणी, वरचेवर कुळवणी आणि खोल नांगरट तीन वर्षांतून एकदा, असे सांगितले होते. त्याच सुमारास, १९३० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील मैदानी प्रदेशात गवताळ जमिनी बेसुमार नांगरल्याने अवर्षणात धुळीची वादळे उठली आणि हजारो कुटुंबांना घरदार सोडावे लागले. नांगराने केवढी हानी होऊ शकते हे तेथे जगाने पाहिले.

आज काहीजण नांगर पुरता बाजूस ठेवतात. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी विना नांगरणीच्या शेतीचा प्रसार केला आहे. रायगड जिल्ह्यात नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी सगुणा पद्धत बसवली. गादीवाफे एकदाच करावयाचे, पुढे नांगरट-चिखलणी करावयाची नाही, आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू द्यावयाची. मूळ कुजले की तेथे पाण्या-हवेची वाट तयार होते आणि कर्बही वाढतो. हे तत्त्व आपल्यालाही लागू आहे. आपली भारी काळी जमीन तर उन्हाळ्यात हात-हात भेगाळते. वरची माती भेगांत पडते, पावसात फुगते. निसर्ग आपल्या रानाची काही मशागत फुकटच करीत असतो.

मात्र आज नांगर टाकला आणि उद्या सारे सुधारले, असे होत नाही. खाली टणक थर असताना, हरळी-कुंदा माजलेला असताना किंवा मानकुजीचा काडीकचरा वर पडलेला असताना मशागत एकदम बंद केली तर पहिली दोन-तीन वर्षे त्रास होतो. आधी थर फोडावा, तण काढावे, मग मशागत कमी करीत जावे. ज्यांना नवी रीत करून पाहावयाची आहे त्यांनी पाच-दहा गुंठ्यांपासून सुरुवात करावी.

आता काय करावे?

पाडवा ते रोहिणी : प्रत्येक तुकड्यात दोन-तीन ठिकाणी दीड फूट खोल खड्डा घ्या. खड्ड्याच्या बाजूला सुरी टोचत खाली जा. कोठे अडते ते पाहा. थर नसेल आणि तणही फार नसेल, तर यंदा नांगरट नको, कुळवाच्या दोन पाळ्या पुरेत. भारी जमिनीत तीन वर्षांतून एकदा, उताराला आडवी, आठ-दहा इंच नांगरट करावी आणि ढेकळे महिनाभर तापू द्यावीत. खोडवा काढल्यावर खाली थर आढळला तर जमीन कोरडी असताना सबसॉयलर चार-पाच फुटांवर चालवावा. ओल्या जमिनीत तो नुसती चीर पाडतो, थर फोडीत नाही.

वाफसा ओळखणे : कोणतेही औजार घालण्यापूर्वी चार-पाच इंच खोलीची मूठभर माती घेऊन लाडू वळावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. फुटून रवाळ पसरला तर वाफसा आहे. चपटा होऊन तसाच राहिला तर ट्रॅक्टरला परत पाठवावे. भाड्याचा ट्रॅक्टर आज आला, उद्या मिळेल की नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून चार शेजाऱ्यांनी मिळून वेळ आधी ठरवून घ्यावी.

उसाचे पाचट : पाचट जाळू नये. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ते सरीत दाबून त्यावर दर टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक टाकावे. जाळल्याने अंगणात काजळी येते आणि रानात काहीच राहत नाही.

हरभऱ्याची पेरणी : सोयाबीनचा पाला गोळा करून बांधावर ढीग लावावा, किंवा तो कुजण्यास वेळ मिळेल असे पाहावे. हरभरा सपाट रानापेक्षा रुंद वरंबा-सरीवर घ्यावा, म्हणजे जादा पाणी सरीतून निघून जाते. पाणी हलके द्यावे, तुषार संच असल्यास उत्तम. मोठ्या भेगा पडू देऊन नंतर भरपूर पाणी सोडू नये.

बीजप्रक्रिया : हे काम बहुतेक घरी बायकांच्या हातून होते आणि त्या ते नेटके करतात. किलोभर बियाण्यास ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे, नंतर गुळाच्या पाण्यातून रायझोबियम लावावे व बी सावलीत सुकवावे. रासायनिक औषध लावावयाचे असेल तर ते आधी, आणि तेव्हा हातमोजे घालावेत. उरलेले बी मुलांच्या हाती पडू देऊ नये, दळणात जाऊ देऊ नये. ट्रायकोडर्मा चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत आठवडाभर ठेवून रानात टाकले तर अधिक गुण येतो.

रोगट ठिगळ : तेथील झाडे उपटून जाळावीत. ठिगळाला खूण करून ठेवावी आणि मशागत करताना तो भाग शेवटी घ्यावा. भाड्याचा रोटाव्हेटर रानात शिरण्यापूर्वी त्याची पाती धुऊन घ्यावीत. पाच मिनिटांचे काम आहे, पण शेजारच्या रानातला रोग आपल्याकडे येत नाही.

रब्बी ज्वारी : खडखड्या रोगाचीही हीच गत आहे. दाणे भरताना ओल तुटली की ताटे आतून पोकळ होऊन लोळतात. त्यासाठी तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. पहिली तणासाठी, दुसरी ओलीसाठी आणि तिसरी दातेरी कोळप्याने भेगा बुजविण्यासाठी.

कांद्याची रोपवाटिका : रोपांची मर होत असेल तर एप्रिल-मे महिन्यांत वाफे भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे कडा दाबून अंथरावे. उन्हाने माती तापून बुरशी व तणाचे बी पुष्कळसे मरते.

एवढे वाचून कोणी म्हणेल, यात नवे काय? खरे आहे. आपले वाडवडील यातले निम्मे करीतच होते. नवे आहे ते यंत्राचे बळ. ट्रॅक्टरमुळे महिन्याचे काम दिवसात होते, तसेच दहा वर्षांचे नुकसानही दोन हंगामांत होते. म्हणून यंत्र रानात घालण्याआधी "कशासाठी?" एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. तण, कीड, टणक थर किंवा पेरणीची सोय, यांपैकी उत्तर मिळाले तर ते औजार घालावे. "सगळे घालतात म्हणून" असे उत्तर आले तर तेवढे डिझेल वाचवावे. त्या पैशात शेणखताची एखादी गाडी येईल.

शिंगणापुरात घरांना दारे-कुलपे न लावण्याची रीत आहे. राखण देव करतो अशी गावाची श्रद्धा. जमिनीच्या कसाची राखण मात्र ज्याची त्यानेच करावयाची आहे. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक घराने निदान एक खड्डा घ्यावा. सुरी कोठे अडते ते मुलांना दाखवावे, आणि मगच ट्रॅक्टरवाल्याला निरोप धाडावा.